मदत हवी आहे: रिग्रेशन (नव्या बदलांमुळे जुनं काही बिघडलं नाही ना, ही तपासणी) ऑटोमेट करू की हातानेच करू?

नमस्कार मंडळी. आमच्या टीममध्ये टेस्टिंगला मी एकटीच. दर पंधरवड्याला रिलीज, त्याआधी 140 टेस्ट केसेस हाताने तपासण्यात पूर्ण दोन दिवस जातात. सेलेनियममध्ये (ब्राउझर आपोआप चालवून तपासणारं साधन) त्यातल्या 30 लिहून पाहिल्या. लॉगिन, बिलाची बेरीज, जीएसटी छान चालतं. पण पेमेंटची स्क्रीन सतत बदलते. परवा एका बटणाचा आयडी बदलला आणि 11 स्क्रिप्ट एकदम लाल, म्हणजे नापास! दुरुस्तीतच दिवस गेला. उलट पावतीवर ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ तुटून छापला जात होता, तेव्हा स्क्रिप्ट हिरवीच होती. ते डोळ्यांनीच सापडलं.

स्थिर भाग ऑटोमेट करावा, बदलता हाताने, असं माझं मत. पण नेमकी रेघ कुठे ओढता तुम्ही? प्लेराइट हे सेलेनियमसारखंच दुसरं साधन, स्क्रीनवरचं बटण तयार होईपर्यंत आपोआप थांबतं, म्हणून आत्ताच तिकडे वळू का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.