मदत हवी आहे: दगडी गडग्याच्या भागांना गवंडी काय म्हणतात?

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या 'हिल टॉप' या शेतघराचं मराठी माहितीपत्रक तयार होतंय. लेखिका बिअट्रिक्स पॉटर यांनी ते १९०५ साली घेतलं. १९४३ मध्ये त्या गेल्या आणि त्यांची ४,००० एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली. डोंगरावरच्या शेतांवर तिथल्या हर्डविक जातीच्या मेंढ्याच राखाव्यात ही त्यांची इच्छा होती. (कोकरू जवळजवळ काळं जन्मतं, वाढताना करडं होतं.)

अडलंय ते गडग्यापाशी, म्हणजे शेताच्या दगडी कुंपणभिंतीपाशी. तिथे चुना-सिमेंट न लावता रचतात: दोन तोंडं (भिंतीच्या बाहेरच्या बाजू), वर जाताना आत कललेली, मधल्या पोटात बारके दगड हाताने एकेक घट्ट बसवलेले, साधारण अर्ध्या उंचीवर दोन्ही तोंडांना बांधणारे लांब आरपार दगड, माथ्यावर एकमेकांना टेकवलेली उभ्या दगडांची रांग. बारके दगड नुसते ओतले तर ते खाली बसतात, तोंडं फुगतात आणि गडगा ढासळतो. आरपार दगड टाळले तरी तेच.

या आरपार दगडाला आणि माथ्यावरच्या रांगेला कोकणात, देशावर, खानदेशात कोणते शब्द आहेत? पोटातल्या दगडांना 'भराव' म्हटलं की माती डोळ्यांपुढे येते; 'चिपा' चालेल का? पुस्तकी प्रतिशब्द नकोत, कामावर ऐकलेलेच हवेत. सोबत तालुका लिहा, प्लीज.