तुंबाडचा वाडा नेमका कुठे आहे? आणि हा सिनेमा जुना का होत नाही?

पावसाळी_भटक्या
नमस्कार मंडळी, काल रात्री तुंबाड परत बघितला, चौथ्यांदा, आणि नंतर तो वाडा काही केल्या डोळ्यासमोरनं जाईना. २०१८ च्या ऑक्टोबरात आला तेव्हा थिएटरला चुकला, मग मोबाईलवर बघितला, त्यातला अर्धा अंधार तर दिसलाच नव्हता, आणि २०२४ च्या सप्टेंबरात परत लागला तेव्हा शेवटी मोठ्या पडद्यावर बघायला मिळाला. मला त्या जागा बघायला जायचंय. मॅपवर तुंबाड टाकलं की खेडजवळचं गाव येतं, वाडा तिथेच आहे का? मित्र म्हणतो सगळा सेट होता. आणि दुसरं म्हणजे, माझी बहीण भुताचा सिनेमा लागला की खोलीतनं उठून जाते, ती हा दोनदा शेवटपर्यंत बसून बघते, असं काय आहे यात? तुमचं काय मत?

सासवडकर
वाडा सेट नाही दादा, खरा आहे, आमच्या सासवडचा पुरंदरे वाडा. अंबाजीपंत पुरंदरे म्हणजे बाळाजी विश्वनाथांच्या जवळचे, पेशवाईतलं मोठं घराणं. दरवाज्यासमोर उभं राहिलात की शनिवारवाडाच आठवेल, तसेच बुरूज आणि तशीच उंच भिंत. आतलं बरंच पडलंय. सातारा, महाबळेश्वर भागातही शूटिंग झालंय. विहिरीच्या खालची ती लाल, ओली, पोटात शिरल्यासारखी जागा मात्र सेटच, तिथे तुमचा मित्र बरोबर.

एक गोष्ट बाहेरच्यांना पटत नाही ती सांगतो. सिनेमात पाऊस थांबतच नाही, आणि आमचा पुरंदर तालुका कायम दुष्काळी. दिवे घाट चढून वर आलं की ढग असतात पण पडत नाहीत, अंजीर आणि सीताफळाचा हा भाग. त्या वाड्याला इतकं भिजलेलं मी पहिल्यांदा पडद्यावरच बघितलं आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला, कारण रोजच्या येण्याजाण्यातली भिंत, ती अशी कधी दिसलीच नव्हती.

जगबुडीकाठची
मॅपवर येतं ते गावही खरं आहे, खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठाला. आमच्या पिढीला ते नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मुळे माहीत, १९८७ ची कादंबरी, दोन जाडजूड खंड. सिनेमाची गोष्ट वेगळी आहे, हस्तर (सिनेमातला सोन्याचा लोभी, शापित देव), त्याची आई पूर्तीची देवी वगैरे कादंबरीत काहीही नाही, त्यामुळे वाडा शोधायला कोकणात उतरू नका, नदी बघायला जरूर या.

सिनेमाच्या गोष्टीचं मूळ भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांकडे जातं. दिग्दर्शक राही बर्वेंना १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मित्राने धारपांची 'आजी' ही कथा सांगितली होती, ती डोक्यात बसली ती बसलीच. साखळीने बांधलेली ती म्हातारी आणि तिला भरवायला एकटा राहिलेला पोरगा, हा भाग बघताना ज्यांनी लहानपणी पांघरुणात धारप वाचलेत त्यांना लगेच ओळख पटते.

कंदील
(पुढे गोष्ट फुटलीय, बघितला नसेल तर इथे थांबा.)

मला वाटतं हा सिनेमा टिकला तो भुतामुळे नाही, हावेमुळे, आणि ती हाव इतकी जवळनं दाखवलीय की सिनेमाचा नायक विनायक, त्याचा राग यायच्या आधी आपणच त्याच्याबरोबर नाणी मोजायला लागतो. कणकेची बाहुली आठवा. बाप पिठाचं रिंगण आखतो, दोर धरून खाली उतरतो, बाहुली टाकतो, हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटीतनं मिळतील तेवढी नाणी ओढायची आणि वर पळायचं. हस्तरला सोनं मिळालं पण अन्न मिळालं नाही, म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात जास्त सोनं तोच सगळ्यात भुकेला, आणि त्याला मूठभर कणकेने फसवणारा माणूस घरी येऊन स्वतः कधी पोट भरल्यासारखा दिसतच नाही. पोराला वारसा म्हणून काय देतो तर तो दोर. बैठका मारायला लावतो, दोरावर चढउतार करून घेतो, पोरगं बापाचं कौतुक मिळवायला जीव तोडून करतं, मला तिथेच सगळ्यात जास्त भीती वाटली, विहिरीत नाही.

आणि पोरगं बापाच्याही पुढे जातं, म्हणतं एक बाहुली कशाला, जास्त नेऊया.

मोहम्मद समद हा मुलगा विनायकचं पोरगं पांडुरंग आहेच, पण ती म्हातारीही तोच आहे, मेकअपखाली! हे कळल्यावर मी परत बघितला तर नुसते डोळे बघत बसलो.

पावसाबद्दल: शूटिंग २०१२ ला सुरू झालं, मग बरंचसं परत शूट केलं आणि पिक्चर यायला २०१८ उजाडलं. खऱ्या पावसासाठी पावसाळ्यामागनं पावसाळे थांबलेत ही माणसं. पंकज कुमारच्या कॅमेऱ्यात ऊन जवळजवळ नाहीच, राखाडी उजेड नाहीतर कंदील, त्यामुळे सोन्याचं एक नाणं जरी चमकलं तरी डोळा तिकडेच जातो. आपला डोळाही हावरट होतो, असं बघा. कॅमेऱ्याला, कलादिग्दर्शनाला आणि साऊंड डिझाइनला फिल्मफेअर मिळालं ते अगदी योग्यच.

रात्रपाळी
कंदीलशी सहमत, फक्त मला सिनेमातला शेवटचा, १९४७ चा भाग घाईत उरकल्यासारखा वाटतो. १९१८ चा पोरवयाचा भाग किती निवांत उलगडतो, तेवढा वेळ शेवटाला द्यायला हवा होता. आणि एकदा हेडफोन लावून ऐका, येस्पर कीडचं पार्श्वसंगीत आहे, हा माणूस व्हिडिओ गेम्ससाठी संगीत करणारा, त्याने आपला वाडा कसा काय ऐकला देव जाणे. भिंतीतनं पाणी झिरपतंय ते वेगळं ऐकू येतं.

कंदील
घाई मलाही जाणवते, पण शेवट मी बदलू देणार नाही. बाप जळण्याआधी हस्तरची सोन्याने भरलेली लंगोटी पुढे करतो आणि पोरगं मान हलवून नाही म्हणतं, एवढ्यासाठी पूर्ण सिनेमा बघावा. पहिल्या वेळी थिएटर रिकामं होतं म्हणे, आणि २०२४ ला परत लागला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. मी गेलो त्या शोला या जागी कोणी मोबाईल काढला नाही, मागच्या रांगेतली कॉलेजची पोरंसुद्धा गप्प.

पावसाळी_भटक्या
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. येत्या रविवारी बहिणीला घेऊन सासवडलाच येतो. सासवडकर दादा, वाडा आतनं बघता येतो का?

सासवडकर
खासगी मालमत्ता आहे, आत सोडतीलच असं नाही, विचारल्याशिवाय शिरू नका आणि भिंतीवर तर अजिबात चढू नका, रीलसाठी चढणारे बघून जीव वर येतो. बाहेरनं बघायलाही भरपूर आहे. सकाळी लवकर या, उन्हं तिरपी असतात तेव्हा बुरुजाची सावली लांब पडते. मग खाली कऱ्हेकाठी संगमेश्वराला जा, घाटाच्या पायऱ्यांवर निवांत बसा. पाऊस लागला तर मला कळवा, मीही छत्री घेऊन येतो, भिजलेला वाडा मलाही बघायचाय.