नवीन डेस्कटॉप आत्ताच घेऊ की थांबू? डीटीपीचं काम आहे, सल्ला द्या

महाल_डीटीपी:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१७ चा असेंबल केलेला पीसी आहे, आय५-७४०० प्रोसेसर, एच११० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच स्टिक, १ टीबीची साधी हार्डडिस्क आणि १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड (कार्ड पोराच्या हट्टापायी घेतलं होतं, पोरगा आता पुण्याला, कार्ड इथंच पडून). काम घरूनच, नागपूरला महालात. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स. कोरल आणि फोटोशॉप, मराठी टायपिंग श्रीलिपीत. पत्रिकेपर्यंत मशीन ठीक चालते पण फ्लेक्सची फाइल उघडली की संपलं. जानेवारीत मनपाच्या निवडणुकीत तर एकेक फाइल सेव्ह व्हायला दहा दहा मिनिटं लागून राहिली होती, कार्यकर्ते खुर्चीच्या मागे उभे आणि मी त्या सरकत्या पट्टीकडे पाहून राहिलो. त्यात विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून स्क्रीनवर सूचना येते ते वेगळंच.

सीताबर्डीला गेलो तर दुकानदार म्हणे काका हे सगळं भंगार, बोर्ड प्रोसेसर रॅम नवीन घ्या, डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) वर जा. कोटेशन पाहिलं तर प्रोसेसरपेक्षा रॅमच महाग! दिवाळीच्या आधी सहज विचारलं होतं तेव्हा १६ जीबीची स्टिक पाच हजाराच्या आत होती, आता तिप्पट सांगून राहिले. वरून म्हणे आजच घ्या, पुढच्या महिन्यात अजून वाढते. हे खरं का नुसती दुकानदारी? लग्नाचा सीझन तोंडावर आहे. घेऊ का थांबू, आणि थांबू तर कुठपर्यंत?

रॅमचोर:
काका भाव वाढले हे खरं आहे, त्यात त्याची काही चूक नाही. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडूनच येते आणि तिघांनाही एआयच्या डेटा सेंटरवाल्यांकडून जास्त पैसा भेटून राहिला, मग आपल्या पीसीची रॅम कोण कशाला बनवेल. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. आणि हा काही कांदा नाही की नवीन माल आला की भाव पडला, मेमरीची फॅक्टरी उभी करायलाच वर्षं जातात. तर "भाव उतरला की घेऊ" म्हणून थांबत असाल तर लय थांबावं लागेल.

पण "आजच घ्या" ही मात्र दुकानदारी. मशीन नेमकं कुठं अडकून राहिलं हे त्याने पाहिलं का? फ्लेक्स सेव्ह करताना कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडते, त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क कोणता आकडा किती आहे ते इथं लिहा. तोपर्यंत खिशात हात घालू नका.

एक सांगून ठेवतो, याच बोर्डवर आठव्या जनरेशनचा प्रोसेसर टाकू असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सॉकेट दिसायला तेच पण एच११० वर तो चालत नाही.

गल्लीतला_सीए:
सप्टेंबरात जीएसटी कमी झाला ना? मग महाग कसं?

रॅमचोर:
भाऊ, २२ सप्टेंबर २०२५ ला ३२ इंचावरचे टीव्ही आणि मॉनिटर २८ वरून १८ टक्क्यांवर आले. प्रोसेसर, रॅम, बोर्ड आधीही १८ होते, आताही १८ च.

गल्लीतला_सीए:
बरोबर, मॉनिटरचंच डोक्यात होतं. मग महाल भाऊंना माझ्या कामाचंच सांगतो, तुमचा जीएसटी नंबर असेल आणि कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्याच्या ठोक कराच्या योजनेत) नसाल तर बिलावर नंबर टाकूनच घ्या, ते १८ टक्के क्रेडिट मिळतं. कच्च्या बिलावर हजार-दोन हजार वाचवायला जाल तर तेही गेलं आणि वॉरंटीही गेली.

महाल_डीटीपी:
पाहिलं. १० बाय २० चा एक जुना फ्लेक्स उघडून सेव्हला लावला. डिस्क १००, मेमरी ९६-९७, आणि सीपीयू वीसच्या वर गेलाच नाही. म्हणजे ज्याला दुकानदार भंगार म्हणाला तो प्रोसेसर बसूनच होता की!

इतवारीची_कोरलताई:
भाऊ मी चौदा वर्षं प्रेसमध्ये डिझाईन करते, मला आधी एक सांगा, हे फ्लेक्स तुम्ही किती डीपीआयला (एका इंचात किती ठिपके) करता? आणि फोटोशॉप तुम्हाला नेहमीच्या पीएसडी फाइलऐवजी पीएसबीत सेव्ह करायला लावतं का?

महाल_डीटीपी:
३०० ला. क्लासमध्ये तेच शिकवलं होतं, प्रिंट म्हणजे ३००. आणि हो, पीएसबीच होते, मला वाटलं नवीन व्हर्जनमध्ये तसंच असते.

इतवारीची_कोरलताई:
मला तीच शंका होती. अहो पीएसडीला एका बाजूला ३०,००० पिक्सेलची मर्यादा आहे, फाइल त्याच्या बाहेर गेली म्हणून मोठ्या फाइलींचं पीएसबी. हिशेब करा. १० बाय २० फूट म्हणजे १२० बाय २४० इंच, ३०० ने गुणलं की ३६,००० बाय ७२,०००, म्हणजे जवळपास २५९ कोटी पिक्सेल. सीएमवायकेत (छपाईच्या चार रंगांत) एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एका लेयरचेच १० जीबी झाले, आणि तुमची रॅम ८! मग फोटोशॉप उरलेलं सगळं हार्डडिस्कवर ठेवतं, त्यालाच स्क्रॅच डिस्क म्हणतात, आणि ती साधी डिस्क बिचारी घरघर करत बसते. तुमचा तो १०० चा आकडा हाच.

तीच फाइल १०० डीपीआयला करा, सव्वा जीबीच्या आत येते, बरोबर नवव्या हिश्शात. ७२ ला केली तर ६०० एमबी. चौकातला फ्लेक्स माणूस वीस-पंचवीस फुटांवरून पाहतो, नाकाला लावून नाही. आमच्या फ्लेक्स मशीनवाल्यालाही ७२ ते १०० चीच फाइल लागते, ३०० ची दिली की तो आधी शिव्या देतो मग बारीक करून घेतो. स्टँडी जवळून पाहतात म्हणून तिला १५० ठेवा. पत्रिका आणि बिलबुकं ३०० लाच, तिथं हात लावू नका.

थर्मलपेस्ट_नागपूर:
कोरलताईंनी केसच संपवली 😀 तरी दोन गोष्टी राहतात.

एक, डिस्क. डीपीआय उतरवला तरी साध्या हार्डडिस्कवर विंडोज चालवणं म्हणजे शिक्षाच आहे. साटा एसएसडी (जुन्या डिस्कच्याच वायरवर लागणारी वेगवान डिस्क) टाका, एच११० च्या बहुतेक बोर्डवर एनव्हीएमईचा (थेट बोर्डवर बसणाऱ्या एसएसडीचा) स्लॉट नसते म्हणून साटाच विचारा. एसएसडीचेही भाव वाढले आहेत पण नवीन पीसीच्या पुढे काहीच नाही, आणि उद्या मशीन बदललं तरी ती काढून तिकडे लावता येते, पैसा वाया जात नाही. नऊ वर्षांची जुनी डिस्क फक्त जुन्या कामासाठी ठेवा आणि तिचा बॅकअप आजच घ्या, उद्या नाही. रॅमचं म्हणाल तर दुसरा स्लॉट रिकामा असेल, त्यात सेकंडहँड ८ जीबी डीडीआर४ लावा, दुकानातच लावून चालू करून पाहा मग पैसे द्या.

दोन, उन्हाळा. हे पुण्यामुंबईवाले सांगणार नाहीत. २३ मे २०१३ ला आपल्याकडे नागपुरात तापमान ४७.९ अंशांवर गेलं होतं, आणि खोलीच ४० ची असली तर कॅबिनेटचा पंखा आत गरम हवाच ओढते. नऊ वर्षांत प्रोसेसरवरची (त्याची उष्णता बाहेर काढणारी) पेस्ट वाळून खडू झाली असेल, ती बदलून घ्या, धूळ ब्लोअरने काढा. आणि कॅबिनेट खोलीतल्या पाण्याच्या कुलरच्या समोर ठेवू नका! माझ्याकडे हीच चूक झाली होती, मशीन थंड राहील म्हणून मुद्दाम कुलरच्या तोंडाशी ठेवलं, दोन सीझनमध्ये बोर्डावर पांढरी खार आणि रॅमचे पिन काळे. ती हवा थंड असते पण ओली असते.

महाल_डीटीपी:
अरे बापरे. माझं कॅबिनेट मागच्या वर्षी कुलरच्या समोरच होतं, आता हलवतो. आणि विंडोजचं काय करू?

रॅमचोर:
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती वापरासाठी वाढीव सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. व्हर्जन २२एच२ पाहिजे आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट पाहिजे, सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावरच नाव नोंदवायचं बटण येते. सेटिंगचा बॅकअप चालू केला तर फुकट आहे. तुमचा सातव्या जनरेशनचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, जुगाड करून टाकता येते पण ज्या मशीनवर पोट आहे तिथं मी तरी करणार नाही.

सदरचा_सेकंडहँड:
मी थोडं उलटं बोलतो, राग मानू नका. तुम्ही सगळे काकांना थांबवून राहिले पण ऑक्टोबर २०२६ तर येणारच ना, आणि रॅमचोर स्वतःच म्हणते की रॅम तोपर्यंत स्वस्त होणार नाही. मग थांबून भेटलं काय? धंद्याचं मशीन सीझनच्या मधात बसलं तर एका दिवसात गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. माझं म्हणणं, नवीन डीडीआर५ नको पण कंपन्यांनी काढलेले रिफर्बिश्ड (दुरुस्त करून विकलेले) डेस्कटॉप पाहा, आय५-८५०० वगैरे, सहा कोर, विंडोज ११ अधिकृत चालते, आणि मुख्य म्हणजे १६ जीबी रॅम आतच येते, आजच्या भावाने वेगळी घ्यावी लागत नाही. फक्त चपटा छोटा डब्बा घेऊ नका, त्यात तुमचं १०५० टीआय उंचीला बसत नाही आणि पॉवर सप्लाय गेला तर बाजारात सहज भेटत नाही. टॉवरच घ्या.

इतवारीची_कोरलताई:
मशीन बदलायच्या आधी श्रीलिपीच्या डोंगलचं (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावतो ती किल्ली) विचारून घ्या. तुमचं डोंगल जुनं असेल तर विंडोज ११ ला त्याचा ड्रायव्हर आहे का ते कंपनीलाच विचारा. आमच्याकडे नवीन मशीन आलं आणि डोंगलच ओळखेना, आठ दिवस जुन्या मशीनवर टाईप करून इकडे आणून लावत होतो.

महाल_डीटीपी:
उशीर झाला सांगायला, काम होतं. तोच १० बाय २० चा फ्लेक्स १०० डीपीआयला करून पाहिला, एक पैसा खर्च न करता, जुन्याच डिस्कवर, चाळीस सेकंदात सेव्ह झाला. बायको म्हणे इतकी वर्षं काय करून राहिला होता मग 🙏

शनिवारी एसएसडी आणि पेस्ट दोन्ही करून आणलं, नंबर टाकून बिल घेतलं. दुकानदाराचं तोंड थोडं उतरलं होतं पण त्याने पेस्टचे पैसे नाही घेतले, माणूस वाईट नाही. रॅमची सेकंडहँड स्टिक पाहून ठेवली, अजून घेतली नाही. सदरवाले भाऊ, तुमचंही पटलं, सीझन झाला की जून-जुलैत एखादा टॉवर पाहतो, ऑक्टोबरपर्यंत ओढत नाही. डोंगलसाठी सोमवारी फोन लावतो.

ताई शेवटचं, ३०० वर केलेल्या जुन्या फ्लेक्सच्या साठ-सत्तर फाइल पडल्या आहेत, सगळ्या आत्ताच बारीक करू का?

इतवारीची_कोरलताई:
वाढदिवस आणि दुकानाच्या ओपनिंगच्या तेवढ्या करा. निवडणुकीच्या राहू द्या, ते गिऱ्हाईक आता पाच वर्षांनीच येतं.