दुरुस्ती मंजूर झाल्यानंतरचे 14 दिवस

साक्षीपुरावा सुरू होण्यापूर्वी वादपत्रातील (म्हणजे वादीने दावा मांडलेल्या लेखी कागदातील) दुरुस्तीकडे न्यायालय उदारपणे पाहते, हे दाव्यातील दुरुस्त्यांवरील चर्चेत मांडले जाणारे मत मला मान्य आहे; दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश 6, नियम 17 चे कडक परंतुक (नियमाला जोडलेली मर्यादा घालणारी अट) त्यानंतरच आड येते. मात्र त्याच आदेशातील नियम 18 चा उल्लेख या चर्चेत कोणी केलेला नाही. आदेशात मुदत दिलेली नसेल, तर 14 दिवसांत मंजूर दुरुस्ती प्रत्यक्ष वादपत्रात करावी लागते, अन्यथा मुदतवाढ मागावी लागते. यंत्रसामग्रीच्या पुरवठ्याच्या करारावरील एका दाव्यात, उशिराबद्दलच्या नुकसानभरपाईचा परिच्छेद वाढवण्याची परवानगी आम्हाला मिळाली होती, परंतु तो मूळ वादपत्रात लाल शाईने लिहायचा राहून गेला आणि प्रतिवादीच्या वकिलांनी नेमके त्यावरच बोट ठेवले. मुदतवाढ मिळाली, पण दाव्याचा खर्च भरल्यावरच.