एकांकिकेत गोळीबार ऐकवायचा का?

हरिपूररोड:
यंदा आमच्या ग्रुपनं स्पर्धेला 26/11 घेतलंय, बसवतोय मी. पोरं विशीतली. त्यांना एके-47 चा आवाज, धूर, लाल स्पॉट, सगळं पाहिजे. माझा हात आखडतोय.

26 नोव्हेंबर 2008 ला बायको आणि मी महालक्ष्मीनं सांगलीला येत होतो. गाडी सुटल्यावर तासाभरानं सीएसटीवर गोळीबार झाला. आम्हाला पत्ताच नाही! घाट चढून लोणावळ्याला रेंज आली आणि डब्यातले सगळे फोन एकदम वाजायला लागले. समोरच्या काकूंनी दशम्या सोडल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. बंदुकीचा आवाज मी ऐकलेलाच नाही. तो स्टेजवर कुठल्या तोंडानं आणू?

गावभागवाला:
मशालीवर राळेची पूड उडवायची, भडका करायचा आणि राक्षस आणायचा ही आपली जुनीच खोड. विष्णुदास भाव्यांनी 1843 ला इथं सांगलीतच नाटक सुरू केलं, मग अलल डुर्र करत राक्षस आले. पब्लिकला मजा यायची. तुमच्या धुराचं तेच होईल, शिट्ट्या पडतील.

जावळीकर:
पटत नाही. केडंबे आमच्या तालुक्यातलं, तुकाराम ओंबळेंचं गाव. गिरगाव चौपाटीवर हातात नुसती काठी, तरी कसाबच्या रायफलची नळी सोडली नाही. समोर बंदूकच नसेल तर त्या काठीची किंमत कुणाला कळणार? पोवाडा म्हणणारा शाहीर लाजत नाही, तुम्ही का लाजता?

मिरज_जंक्शन:
धूर नसला म्हणजे सोपं जातं असंही नाही. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यावर एरिक फिशलनं पडणाऱ्या बाईचं शिल्प केलं. ना विमान, ना आग. 2002 ला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये ठेवलं, तर तक्रारी आल्या आणि आठवड्याभरात झाकून हलवावं लागलं.
बाकी हरिपूरकर, आवाज तुमच्याकडे आहे की. ते फोन!

हरिपूररोड:
जावळीकर, तुमचा मुद्दा टोचला. पण आमचं सगळं नाटक डब्यातच घडतं, चौपाटी त्यात बसत नाही. ओंबळेंवर लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल.

काल तालमीत फोन वाजवून बघितले. आठ जणांचे, वेगवेगळ्या रिंगटोन. पहिल्यांदा पोरं हसली. मग मी सांगितलं, कुणी उचलायचा नाही. दीड मिनिट चाललं असेल. लाइटवाला पोरगा म्हणाला, "सर, बंद करा."

आता भीती वेगळीच आहे. भावे नाट्यमंदिरात अर्धं पब्लिक आपापले खिसे चाचपणार.