मंगळावरचा ठिपक्यांचा दगड: जीवाची खूण की नुसतं रसायन?

खडकवेडा: २०२१ पासून पर्सिव्हिअरन्स रोव्हर मंगळाच्या जेझेरो विवरात फिरतोय. साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी तिथे तळं होतं. जुलै २०२४ मध्ये त्याला 'चेयावा फॉल्स' हा तांबूस, गाळाचा खडक सापडला. अंगभर बिबट्यासारखे ठिपके, आत फिकट, कडेला काळपट. त्यात व्हिव्हिअनाइट आणि ग्रेगाइट ही लोहखनिजं असावीत, असं 'नेचर'मध्ये सप्टेंबर २०२५ ला छापून आलं. शिवाय सेंद्रिय कार्बन. आपल्या पृथ्वीवर सूक्ष्मजीव चिखलातलं सेंद्रिय खातात तिथे ही खनिजं तयार होतात. रोव्हरने नमुना नळीत भरून ठेवलाय. तो इथे आणायलाच हवा.

शंकासुर: १९९६ विसरलात? अंटार्क्टिकात सापडलेल्या एएलएच ८४००१ या मंगळाच्या अशनीत जिवाणूंचे जीवाश्म दिसले म्हणून खुद्द क्लिंटन कॅमेऱ्यापुढे आले होते. पुढे एकेक पुरावा गळाला. ते 'किडे' तर इतके बारीक की त्यात पेशीचा संसार मावणं कठीण. आणि नमुना आणायचा खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. एवढं करून उत्तर 'कदाचित' आलं तर?

खडकवेडा: अहो, १९९६ चा दावा गळाला तो दगड प्रयोगशाळेत होता म्हणूनच ना! या वेळी 'नेचर'मधल्या लेखकांनीच जीवाची 'संभाव्य' खूण म्हटलंय. जीवाविना ही खनिजं घडायला बहुधा बरीच उष्णता लागते, आणि हा खडक तसा तापलेला दिसत नाही.

गाळकरी: दगड हातात असला की भांडण मिटतं, हे काही खरं नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एपेक्स चर्ट या अतिप्राचीन, गारगोटीसारख्या खडकातले सूक्ष्म धागे शास्त्रज्ञ शॉफ यांनी १९९३ मध्ये जीवाश्म म्हणून मांडले, २००२ मध्ये ब्रेझियर यांनी ते खोडले. जागा आपल्याच ग्रहावर, हवा तेवढा नमुना, तरी वाद चालूच.

खडकवेडा: तो वाद मुख्यतः आकारावरून पेटला. इथे गंधकाचे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, मोजता येतील. सूक्ष्मजीव हलकं गंधक आधी उचलतात, त्याचा माग ग्रेगाइटमध्ये राहू शकतो. रोव्हरवर तेवढं बारीक मोजणारं यंत्र नाही.

शंकासुर: मग आधी इथे प्रयोग करा. गंजलेला चिखल, सेंद्रिय पदार्थ, थंड पाणी, जीव शून्य. बघा ठिपके उठतात का. खर्च त्या ११ अब्जांच्या पासंगालाही पुरणार नाही.

खडकवेडा: जरूर करा. पण बरणीत थांबून थांबून किती वर्षं थांबणार? त्या चिखलाला लाखो मिळाली होती.