अ‍ॅश्ली वेस्टवूड यांना तुम्ही कुठे पाहिले?

अ‍ॅश्ली वेस्टवूड या फुटबॉल प्रशिक्षकाचा जन्म १९७६ चा, इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या ब्रिजनॉर्थ गावचा. मँचेस्टर युनायटेडच्या ज्या कुमार संघाने १९९५ साली एफए यूथ कप जिंकला, त्यात ते बचावपटू होते. युनायटेडच्या मुख्य संघात त्यांना जागा मिळाली नाही. पुढची पंधरा-सोळा वर्षे ते क्रू अलेक्झांड्रा, ब्रॅडफर्ड सिटी, शेफील्ड वेन्सडे, नॉर्दम्प्टन, पोर्ट व्हेल, रेक्सम, क्रॉली अशा संघांकडून खेळले. पोर्ट्समथ आणि ब्लॅकबर्न येथे साहाय्यक म्हणून काम केल्यानंतर २०१३ साली ते बंगळुरू एफसी या नव्याकोऱ्या संघाचे प्रशिक्षक झाले, आणि तेव्हापासून त्यांची वाट आपल्या वाटेला सारखी येऊन मिळत राहिली आहे. (याच नावाचा, क्रू अलेक्झांड्रामध्येच घडलेला एक मध्यरक्षक बर्नलीकडून खेळत असे, तो वेगळा.) मी स्वतः त्यांना बालेवाडीत पुणे एफसीविरुद्ध एकदाच पाहिले आणि तेही लांबून. ज्यांनी त्यांना किंवा त्यांच्या संघांना जवळून पाहिले आहे, त्यांनी आपापला अनुभव सविस्तर लिहावा, अशी मनापासून विनंती आहे.

मडगाव

मी धेंपो संघाचा पाठीराखा. वडिलांच्या खांद्यावर बसून मैदानात जायचो तेव्हापासूनचा. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला आमचा संघ २१ एप्रिल २०१४ रोजी फातोर्ड्याला बंगळुरूशी खेळणार होता. पाहुण्यांनी जिंकले तर आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद त्यांचे, हे आम्हांला ठाऊक होते. तरीही वर्षभरापूर्वी ज्या संघाचे नावही नव्हते, तो आमच्या मैदानात येऊन करंडक नेईल, असे मनाला पटत नव्हते. सामना ४-२ असा त्यांनी जिंकला.

मला त्या दिवशीचे गोल तितकेसे आठवत नाहीत, पण आमच्या प्रत्येक कॉर्नरच्या वेळी त्यांचे खेळाडू कसे उभे राहत, हे मात्र पक्के आठवते. प्रत्येकाची जागा ठरलेली होती आणि कुणी कुणाला ओरडून काही सांगत नव्हते. जॉन जॉन्सन आणि कर्टिस ओसानो हे मधले दोघे बचावपटू चेंडू दूर मारला गेला की एकाच वेळी चार पावले पुढे येत, जणू दोघांच्या कमरेला एकच दोर बांधला आहे. आमच्याकडे पायांत जादू असलेले खेळाडू पूर्वीपासून होते आणि त्या संघातही होते. इतकी घोटून घेतलेली शिस्त मात्र मी गोव्याच्या मैदानांवर तोवर पाहिली नव्हती.

पुढच्याच जानेवारीत, ११ तारखेला, त्याच मैदानावर फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी आम्हांला २-१ असे हरवले. त्या मोसमाच्या शेवटी धेंपो आय-लीगमधून खालच्या श्रेणीत उतरला. या पराभवांचे दुःख मला अजून आहे, आणि तरीही वेस्टवूड यांच्याविषयी मनात राग नाही. आमच्या डोळ्यांदेखत कुणीतरी हे काम नीट करून दाखवले, याचा आदरच वाटतो.

बंगळुरू

मी साताऱ्याचा. नोकरीमुळे २०११ पासून बंगळुरूत आहे. पहिल्या मोसमात संघाचे घर म्हणजे अशोकनगरचे जुने फुटबॉल स्टेडियम, कृत्रिम हिरवळीचे आणि लहानसे. त्या मैदानाचा एक मोठा फायदा असा होता की, पहिल्या काही रांगांत बसले की प्रशिक्षकाचा आवाज स्पष्ट ऐकू येई. २२ सप्टेंबर २०१३ रोजी मोहन बागानविरुद्धचा पहिला सामना १-१ असा सुटला, त्या दिवशी मी तिथे होतो. वेस्टवूड चेंडूकडे फारसे पाहतच नाहीत, हे माझ्या लक्षात यायला अर्धा तास लागला. चेंडू समोरच्या गोलपाशी असला तरी त्यांची नजर आपल्या बचावफळीवर असे, आणि उजव्या हाताने ते त्या चौघांना पुढे या, आत या, असे सतत खुणावत. आघाडीपटू राहिलेला प्रशिक्षक कदाचित तसे पाहणार नाही. चेंडू आपल्याकडे असताना तो गेला तर काय होईल, याची काळजी वाहणे हा बचावपटूचा स्वभावच असावा.

आमच्यापैकी अनेकांना फुटबॉल म्हणजे शनिवारी-रविवारी दूरचित्रवाणीवर दिसणारे इंग्लंडमधले सामने एवढेच ठाऊक होते. पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळाले आणि वेस्ट ब्लॉकमध्ये घसा बसेपर्यंत ओरडणारी आमची टोळी तयार झाली. मुंबईचा कीगन परेरा डाव्या बगलेवरून वर-खाली धावू लागला की मी मराठीतून ओरडत असे आणि शेजारची कन्नड मुले हसत असत. खेळाडूंचे वजन, आहार, झोप, प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रफिती या सगळ्यांवर वेस्टवूड यांचे बारीक लक्ष असते, असे तेव्हा सगळीकडे बोलले जाई. आम्हांला दिसत असे ते एवढेच की, सत्तर मिनिटांनंतर समोरचा संघ कमरेवर हात ठेवून उभा असताना आमचे खेळाडू अजून धावत असत.

आता ज्या रात्रीसाठी मी लिहायला बसलो, तिच्याविषयी. ३१ मे २०१५ रोजी कंठीरवा मैदानावर मोसमाचा शेवटचा सामना होता आणि समोर पुन्हा मोहन बागान. विजेतेपदासाठी त्यांना बरोबरी पुरेशी होती, आम्हांला जिंकणे भाग होते. त्याच आठवड्यात एएफसी कप या आशियाई क्लब स्पर्धेच्या बाद फेरीत हाँगकाँगच्या साउथ चायना संघाकडून आम्ही ०-२ असे हरलो होतो, त्यामुळे पाय थकलेले असणार. त्यात पावसाने झोडपले. ४१व्या मिनिटाला युजेनसन लिंगडोहच्या कॉर्नरवर जॉन्सनने डोक्याने गोल केला. एका बचावपटूने, सरावात शेकडो वेळा घोटलेल्या कॉर्नरवर केलेला गोल म्हणजे वेस्टवूड यांच्या पद्धतीचा जणू नमुनाच होता. त्यानंतर आम्ही घड्याळ पाहू लागलो. शेजारच्या एका काकांनी छत्री मिटून हातात धरली होती आणि भिजत उभे होते, कारण छत्री उघडली तर मागच्यांना दिसणार नाही. ८७व्या मिनिटाला बागानच्या सोनी नॉर्देने कॉर्नर घेतला आणि बेल्लो रझाक याने, म्हणजे त्यांच्या बचावपटूने, तसाच हेडर मारून बरोबरी केली. जे शस्त्र आम्ही दोन वर्षे परजत आलो होतो, त्याच शस्त्राने, तीन मिनिटे उरली असताना, विजेतेपद आमच्या हातून गेले. काका बराच वेळ छत्री न उघडता तसेच उभे होते.

पुढच्या मोसमात, १७ एप्रिल २०१६ रोजी, साळगावकर संघाला २-० असे हरवून आम्ही आय-लीग परत मिळवली. त्यानंतर काही आठवड्यांतच वेस्टवूड संघ सोडून गेले. तीन मोसमांत दोनदा आय-लीग आणि एकदा फेडरेशन चषक, एवढे ते मागे ठेवून गेले. नंतर त्याच वर्षी अल्बर्ट रोका यांच्या हाताखाली संघ एएफसी कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. त्या वाटचालीचे श्रेय रोका यांचे आहेच, पण तिचा पाया कुणी घातला, हे आम्ही वेस्ट ब्लॉकवाले विसरणार नाही.

ब्रॅडफर्ड

माझा अनुभव अगदी थोडा आहे. विद्यार्थी म्हणून मी इथे आलो तेव्हा शहरात जिकडेतिकडे १९९९ चीच चर्चा होती, कारण त्या वर्षी ब्रॅडफर्ड सिटी प्रीमियर लीगमध्ये पोहोचला होता. वेस्टवूड त्या संघात होते. वरच्या लीगमध्ये मात्र त्यांच्या वाट्याला मोजकेच सामने आले आणि २००० साली ते शेफील्डला गेले. भारतात त्यांनी विजेतेपद मिळवले, तेव्हा मी इथल्या एका जुन्या पाठीराख्याला ती बातमी दाखवली. त्याने चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि म्हणाला की तो मुलगा डोक्याने चेंडू उत्तम खेळत असे. चौदा वर्षांनंतर लोकांच्या लक्षात राहावे ते हे.

कोल्हापूर

मी पेठेतल्या मुलांना सकाळी सराव देतो. कोल्हापुरात तालमींचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की गर्दी लोटते, पण इथल्या प्रत्येक मुलाला गोल मारायचा असतो. बचावपटू व्हायला कुणी तयार नसते; जो मागे राहतो त्याला आपल्याला शिक्षा झाली असे वाटते. २०१५-१६ च्या मोसमात मी बंगळुरूचे सामने चित्रमुद्रित करून ठेवले आणि मुलांना एकच काम दिले. पंधरा मिनिटे चेंडूकडे पाहायचे नाही, फक्त मागच्या चौघांकडे पाहायचे. पहिल्या दिवशी मुले कंटाळली. चौथ्या-पाचव्या दिवशी एक बारा वर्षांचा मुलगा म्हणाला, "सर, चेंडू यायच्या आधीच ह्यो मागं सरतोय की." त्याने जे पाहिले, ते मला शब्दांत कधी नीट सांगता आले नव्हते. आज तो मुलगा आमच्या संघात स्वखुशीने मधला बचावपटू म्हणून खेळतो.

मध्यंतरी वेस्टवूड यांनी मलेशियात पेनांग संघाकडे, २०१८ मध्ये टेडी शेरिंगहॅम यांच्या जागी काही आठवडे कोलकात्याच्या एटीकेकडे आणि नंतर आय-लीगमध्ये पंजाबच्या संघाकडे काम केले. त्या काळात त्यांना बंगळुरूसारखे यश मिळाले नाही. बंगळुरूत संघ उभारणीला वेळ आणि साधने दोन्ही होती. इतरत्र ती तशी मिळाली नाहीत, असे माझे मत आहे. तयार होत असलेल्या घरात मधेच शिरून भिंती सरळ करणे कुणालाच सोपे नसते.

गुवाहाटी

बँकेच्या बदलीमुळे मी तेव्हा गुवाहाटीत होते. २६ मार्च २०२४ रोजी भारताचे कर्णधार सुनील छेत्री यांचा देशासाठीचा १५०वा सामना होता आणि समोर अफगाणिस्तानचा संघ, ज्याचे प्रशिक्षक वेस्टवूड होते. माझ्या मुलीने गालांवर तिरंगा रंगवून घेतला होता. अफगाणिस्तानचे अनेक अनुभवी खेळाडू आपल्या संघटनेशी झालेल्या वादामुळे संघाबाहेर होते, आणि पाच दिवसांपूर्वी सौदी अरेबियातल्या अभा येथे त्यांनी आपल्याला ०-० असे रोखले होते. ३८व्या मिनिटाला छेत्रींनी पेनल्टीवर गोल केला, तो त्यांचा देशासाठीचा ९४वा, आणि मैदान उसळले.

अफगाण खेळाडू मात्र जराही बिथरले नाहीत. ७०व्या मिनिटाला रहमत अकबारीने बरोबरी केली आणि ८८व्या मिनिटाला शरीफ मुखम्मदने पेनल्टीवर विजयी गोल केला. मैदानातली शांतता इतकी होती की त्यांच्या राखीव खेळाडूंचा जल्लोष आमच्या रांगेपर्यंत ऐकू आला. बंगळुरूत ज्यांनी छेत्रींच्या हाती दोनदा आय-लीगचा करंडक दिला, त्यांनीच छेत्रींच्या १५०व्या सामन्याची संध्याकाळ अशी संपवली, हे मला अजूनही लागते. तरीही ज्या संघाला आपल्या देशात सामना खेळणेही शक्य नाही, त्याला परक्या भूमीवर असे उभे करणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मी परतताना मुलीला समजावत होते. ती रडत होती आणि तिने ऐकून घेतले नाही.

हाँगकाँग

ऑगस्ट २०२४ मध्ये वेस्टवूड इथल्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा माझ्या कार्यालयातल्या स्थानिक सहकाऱ्यांना त्यांच्याविषयी सांगणारा मी एकटाच होतो. १० जून २०२५ रोजी आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत हाँगकाँगचा सामना नेमका भारताशी आला. जुन्या विमानतळाच्या जागेवर उभारलेल्या काई ताकच्या नव्या मैदानात चाळीस हजारांहून अधिक माणसे होती आणि त्या लाल समुद्रात आम्ही निळ्या कपड्यांतले थोडेसे. पूर्वार्धात भारताच्या आशिक कुरुनियनने सोन्यासारखी संधी दवडली. उत्तरार्धात छेत्री मैदानात उतरले. नव्वद मिनिटे झाली तरी गोल नव्हता, आणि मी बायकोला म्हणालो की एक गुण तरी पदरात पडला. ९०+४ व्या मिनिटाला हाँगकाँगच्या स्टेफन परेराने पेनल्टीवर गोल केला. सगळे मैदान हादरत होते आणि आम्ही दोघेच खाली बसलो होतो.

वरची साताऱ्याच्या मित्राची ८७व्या मिनिटाची आणि गुवाहाटीची ८८व्या मिनिटाची आठवण वाचून मला ती पेनल्टी पुन्हा दिसली.

त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला मी पुन्हा काई ताकला गेलो, या वेळी हाँगकाँगच्या बाजूने. सिंगापूरविरुद्ध मध्यंतराला १-० अशी आघाडी होती. उत्तरार्धात चार-पाच मिनिटांत दोन गोल झाले, सामना १-२ असा गेला आणि आशियाई चषकाचे दार हाँगकाँगसाठी बंद झाले. दुसऱ्या गोलनंतर उजवा हात हलवून आपल्या चौघांना पुढे बोलावणारे वेस्टवूड मला वरच्या रांगेतूनही ओळखता आले.